ब्राझीलचे जुजुत्सू : हार कोणी मोजावी?

कुस्तीच्या फडाशी ज्याचा लहानपणापासून संबंध आला आहे, त्याला कुस्तीचा निकाल कसा लागतो हे सांगावे लागत नाही. पाठ मातीला लागली, आभाळ दिसले, की संपले. पंचांचा हात वर जाण्याआधीच फडातली माणसे उठून उभी राहतात आणि फेटे उडू लागतात. पडलेल्या पैलवानाला ‘तू हरलास हे तुला मान्य आहे काय?’ असे कोणी विचारीत नाही. विचारण्याचे कारणच नसते. आज ज्या मल्लविद्येचा इतिहास आम्ही सांगणार आहोत, तिच्यात मात्र पाठ जमिनीला लागणे ही हार नव्हेच. उलट पाठीवर पडून दोन्ही पायांच्या कैचीत प्रतिस्पर्ध्याला अडकवून ठेवणे हा तिच्यातला एक मोठा आणि मानाचा पेच आहे. तिच्यात हार द्यायची ती हरणाऱ्याने स्वतः. गळा आवळला गेला, कोपर उलटे वळू लागले, आणि आता सुटका नाही हे कळले, म्हणजे मोकळ्या हाताने प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर थोपटायचे. थोपटले की लढत संपली.

ही विद्या म्हणजे ब्राझील देशातले जुजुत्सू. तिची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा 1996 सालापासून भरू लागली. पहिली अकरा वर्षे ती रिओ द जानेरो शहरात होत असे. 2007 पासून ती अमेरिकेतील कॅलिफोर्नियात भरते. ब्राझीलची माणसे तिला ‘मुंदियाल’ म्हणतात. या स्पर्धेच्या विजेत्यांची नावे नि पदके यांची यादी कोणासही मिळेल. ती वाचून दाखवण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. आम्हांला कुतूहल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. जी विद्या हार हरणाऱ्याच्या तोंडून वदवून घेत असे, तिच्यात घड्याळ, गुणफलक आणि पंच आले तेव्हा काय झाले? आणि जे झाले ते चांगले झाले की वाईट?

गोष्टीचा आरंभ ॲमेझॉन नदीच्या मुखाजवळ बेलेम या शहरात होतो. मित्सुयो मायेदा हा जपानी मल्ल देशोदेशी कुस्त्या करीत 1914 च्या अखेरीस ब्राझीलमध्ये उतरला आणि पुढे बेलेमला स्थायिक झाला. ‘कोंदे कोमा’, म्हणजे सरदार कोमा, या नावाने तो प्रसिद्ध होता. तो जिगोरो कानो यांच्या कोडोकान संस्थेचा शिष्य. म्हणजे खरे पाहता त्याची विद्या ज्युदो. परंतु त्या काळी परदेशांत ज्युदोलाही सर्रास जुजुत्सू म्हणत, आणि ब्राझीलमध्ये तेच नाव कायम चिकटले. मायेदाचा एक सोबती साताके हा नदीच्या वरच्या अंगाला मनाउस शहरी राहिला. हे गाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

बेलेममध्ये गास्ताँव ग्रेसी नावाच्या गृहस्थांचा थोरला मुलगा कार्लोस हा मायेदाकडे शिकला. कुटुंब पुढे रिओला गेले आणि कार्लोसने भावांना हाताशी धरून तेथे आखाडा काढला. कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणे हे साल 1925. सर्वांत धाकटा भाऊ हेलिओ हा अंगाने किरकोळ. घरची आख्यायिका अशी की, या अशक्त मुलाने बळाऐवजी तरफेवर भर देऊन सारे डाव स्वतःपुरते बदलून घेतले. घराण्याच्या आख्यायिका जशा असतात तशीच ही आहे. तिच्यात किती पाणी आणि किती दूध हे निवडीत बसण्यात अर्थ नाही. एवढे खरे की हेलिओ आपल्याहून बऱ्याच वजनदार मल्लांशी लढला. 1934 साली तो व्लादेक झ्बिश्को या पोलिश मल्लाशी लढला आणि लढत बरोबरीत सुटली. झ्बिश्को हे नाव आपल्या कुस्तीशौकिनांना अपरिचित नसावे. 1910 साली लंडनमध्ये गामा पैलवानाशी जोड धरून जो पोटावर पडून राहिला, आणि 1928 साली पतियाळास ज्याला गामाने मिनिटाच्या आत लोळवले, तो स्टॅनिस्लॉस झ्बिश्को हा या व्लादेकचा थोरला भाऊ. जग तसे लहानच.

आता 1951 च्या ऑक्टोबरकडे वळू. जपानचा नामांकित ज्युदोपटू मासाहिको किमुरा ब्राझीलमध्ये आला होता. त्याच्याबरोबर आलेल्या कातो या मल्लाला हेलिओने गळा आवळून बेशुद्ध केले. तेव्हा किमुराशी गाठ पडणे क्रमप्राप्त झाले. माराकाना हे अवाढव्य क्रीडांगण नुकतेच, म्हणजे 1950 साली, फुटबॉलच्या विश्वचषकासाठी बांधले होते. तेथे ही लढत झाली. किमुरा वजनाने नि बळाने कितीतरी भारी. करार असा होता की, उचलून आपटणे किंवा दाबून धरणे यांना किंमत नाही. एकाने हार मानली पाहिजे किंवा त्याची शुद्ध हरपली पाहिजे. दुसऱ्या फेरीत किमुराने हेलिओचा हात पाठीमागे पिळून खांद्याकडे उलटा नेला. किमुराने आपल्या आठवणींत लिहिले आहे की, हाड मोडल्याचा आवाज त्या शांततेत ऐकू आला. ग्रेसी घराण्यात सांगितली जाणारी हकीकत इतकी भयंकर नाही. परंतु एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे : हेलिओने थोपटले नाही. अखेर थोरल्या भावाने, कार्लोसने, कडेवरून हस्तक्षेप करून लढत थांबविली.

या लढतीचे पुढे जे झाले ते फार सुंदर आहे. ब्राझीलमध्ये त्या हात पिळण्याच्या डावालाच ‘किमुरा’ म्हणू लागले, आणि आज जगभर हेच नाव रूढ आहे. ज्याने आपल्याला हरविले त्याचे नाव आपल्या पोथीत घालून ठेवणे हे मनाच्या मोठेपणावाचून होत नाही. आपल्याकडच्या किती तालमींत असे घडले असते, ही शंका आम्ही येथे केवळ नोंदवून ठेवतो.

पुढच्या काळाची हकीकत थोडक्यात सांगतो. 1955 साली हेलिओ आपलाच जुना शिष्य वाल्देमार सांताना याच्याशी जवळजवळ पावणेचार तास लढला आणि हरला. पावणेचार तास! वेळेचे बंधन नसणे म्हणजे काय, हे या आकड्यावरून कळावे. याच दशकात रिओच्या गरीब उपनगरांत ओस्वाल्दो फादा नावाचा वस्ताद शिकवीत होता. तोही मायेदाच्याच परंपरेतला, पण ग्रेसींचा शिष्य नव्हे. त्याच्या पठ्ठ्यांनी ग्रेसींच्या आखाड्याला आव्हान दिले आणि पायाच्या डावांवर त्यांना जेरीस आणले. म्हणजे जुजुत्सू ही एकाच घराण्याची वतनदारी आहे हा समज तेव्हाही पूर्ण खरा नव्हता. परंतु एकाच्या आखाड्यात दुसऱ्याने जाऊन आव्हान द्यावे आणि निकाल ज्याने त्याने आपापल्या परीने सांगावा, अशी ती सगळी रीत होती. कोण श्रेष्ठ याचा निवाडा वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवर आणि घराण्याच्या शब्दावर अवलंबून असे.

1967 साली रिओ शहराच्या तेव्हाच्या ग्वानाबारा राज्यात जुजुत्सूचा संघ निघाला. पुढाकार ग्रेसींचाच. स्पर्धा भरू लागल्या, वेळ ठरली, गुण ठरले. आज गुणांची पद्धत अशी आहे : प्रतिस्पर्ध्याला पाडले, किंवा खालून उलटवून आपण वर आलो, तर 2 गुण, त्याच्या पायांची कैची ओलांडून बाजूला पोहोचलो तर 3, छातीवर स्वार झालो किंवा पाठीवर पकड घेतली तर 4. काळ्या पट्ट्याच्या प्रौढ मल्लांची लढत दहा मिनिटांची. कोणी थोपटले तर लढत तेथेच संपते. नाही तर घड्याळ थांबल्यावर गुण मोजायचे. या गुणांमागे विचार आहे. रस्त्यावर मारामारी झाली तर कोणती जागा जास्त सुरक्षित, याची ती चढती भाजणी आहे. तरीही हेलिओ उतारवयात या गुणांवर नि वेळेवर उघड नाराज असे. दुबळ्याने बळकटापासून स्वतःचा बचाव करावा यासाठी ही विद्या आहे, असे तो म्हणे; आणि दुबळ्याजवळ असते ते एकच भांडवल, ते म्हणजे वेळ. तीच तुम्ही काढून घेतलीत, तर उरले काय? युक्तिवाद भक्कम आहे. त्याला उत्तर देणे आम्हांला सोपे वाटत नाही.

जागतिक स्पर्धेला निमित्त झाले ते 1993 साली. अमेरिकेत डेन्व्हर येथे निरनिराळ्या युद्धकलांच्या मल्लांची एक सरमिसळ स्पर्धा झाली आणि हेलिओचा सडपातळ मुलगा रॉइस याने ती जिंकली. तेव्हापासून जगाच्या कानाकोपऱ्यांतून शिष्य येऊ लागले. 1994 साली कार्लोसचा मुलगा, धाकटा कार्लोस ग्रेसी, याने ब्राझीलचा राष्ट्रीय संघ उभा केला, आणि दोनच वर्षांनी रिओतील तिजुका टेनिस क्लबच्या सभागृहात पहिली जागतिक स्पर्धा भरली. आरंभी ‘जागतिक’ हा शब्द आशेपोटीच वापरला होता, असे म्हणावे लागेल. विजेते सारे ब्राझीलचेच. पहिल्या दोन्ही वर्षी वजनाच्या बंधनाविना होणारा खुला गट जिंकला तो आमाउरी बितेत्ती याने. हा कार्लसन ग्रेसीचा शिष्य. कार्लसनने घराण्याची विद्या एकेकट्या श्रीमंत शिष्याला शिकविण्याऐवजी घोळक्याने शिकविण्याचा पायंडा पाडला होता, त्याचे ते फळ. हेलिओचा मुलगा रॉयलर 1996 ते 1999 अशी सलग चार वर्षे आपल्या वजनगटात अजिंक्य राहिला. 2000 साली हवाई बेटांतला बी. जे. पेन हा काळ्या पट्ट्याच्या गटात जिंकणारा पहिला परदेशी ठरला, आणि मग कोठे ‘जागतिक’ या शब्दात थोडा जीव आला.

एक गोष्ट सांगायची राहिली. या स्पर्धेत पहिली कित्येक वर्षे रोख इनाम नव्हते. उलट लढणाऱ्यालाच प्रवेशाचे शुल्क भरावे लागे. आपल्या जत्रेतल्या पैलवानाला हे ऐकून हसूच येईल. म्हणजे जे काही पणाला लागत असे ते नाव. आणि नाव पणाला लागले म्हणजे माणूस काय करतो ते 2004 साली दिसले.

त्या वर्षी खुल्या गटाच्या अंतिम लढतीत रोजर ग्रेसी आणि रोनाल्दो सोझा यांची गाठ पडली. रोजर हा कार्लोसच्या मुलीचा मुलगा. उंच, शांत. त्याने आजोळचे आडनाव लावले होते, आणि त्या आडनावाचे ओझे कोणाला सांगायला नको. सोझाला सारे ‘जाकारे’ म्हणतात, म्हणजे मगर. तो मनाउसमध्ये तयार झालेला, म्हणजे ज्या गावी मायेदाचा सोबती साताके राहिला होता तेथला. नदीच्या दोन गावांत रुजलेल्या एकाच विद्येच्या दोन फांद्या नव्वद वर्षांनी एकमेकींना भिडल्या असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी होणार नाही.

जाकारे गुणांनी पुढे होता. वेळ थोडी उरली असता रोजरने त्याचा हात पकडला आणि कोपर उलटे ताणले. हात मोडला. जाकारेने थोपटले नाही. त्याने हात सोडवून घेतला, तो लुळा हात कमरेच्या पट्ट्यात खोचला, आणि उरलेला वेळ रोजरला अंगाला लागू न देता काढला. घड्याळ थांबले. गुण जाकारेचे जास्त होते. जगज्जेता जाकारे.

या लढतीचे चित्रण आम्ही अनेकदा पाहिले आहे, आणि आमचे मत एकदा बदलले हे येथे कबूल करणे प्राप्त आहे. प्रथम वाटले की हा उघड अन्याय झाला. ज्याने हात मोडला तो हरला आणि ज्याचा मोडला तो जिंकला, हे कोणत्या शास्त्रात बसते? रस्त्यावरच्या मारामारीत त्यानंतर काय झाले असते हे सांगायला कोणी वस्ताद नको. हेलिओची सारी तक्रार या एका लढतीत मूर्तिमंत उभी राहिली आहे, असे आम्ही मित्रांपाशी बोलूनही दाखवले.

पुढे 1951 ची हकीकत पुन्हा वाचताना लक्षात आले की, हेलिओनेही थोपटले नव्हते. हार हरणाऱ्याने स्वतः द्यायची, हा या विद्येचा मूळ नियम तिच्या सर्वांत गाजलेल्या लढतीतच पाळला गेला नाही. निकाल दिला तो तिसऱ्याने. तो तिसरा भाऊ होता, म्हणून त्याला आपण माया म्हणतो. पंच असता तर नियम म्हटले असते. माराकानावर कार्लोस नसता तर तो हात कोठवर गेला असता, याचा विचार करवत नाही. म्हणजे शूर माणसाला ‘हरलो’ म्हणता येत नाही, ही अडचण गुणफलक येण्याच्या आधीपासूनची आहे. गुणफलकाने ती निर्माण केली नाही. त्याने तिला फक्त एक वेगळी वाट दिली. जाकारेचा विजय आम्हांला आता अन्याय वाटत नाही. त्या दिवसाचे जे नियम होते त्यांत तो बसत होता, आणि त्याची किंमत त्याने स्वतःच्या हाडाने मोजली. पुढच्या साली, 2005 मध्येही खुला गट त्यानेच जिंकला.

रोजरने मात्र आपले उत्तर नियमांविषयी वाद घालून दिले नाही. 2007 साली त्याने खुला गट जिंकला. 2009 च्या जानेवारीत हेलिओ ग्रेसी वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी वारला, आणि त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत रोजरने आपला वजनगट आणि खुला गट दोन्ही जिंकले. तेही असे की, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला त्याने थोपटायला लावले. डाव सगळीकडे एकच : छातीवर स्वार व्हायचे आणि त्याच्याच अंगरख्याच्या गळपट्टीत दोन्ही हात आडवे घालून गळा आवळायचा. हा डाव नवख्याला पहिल्या काही दिवसांतच शिकवतात. समोरचा काय करणार हे सर्वांना ठाऊक, त्याची तोड सर्वांना ठाऊक, आणि तरी कोणाला ती करता आली नाही. गुणांचा प्रश्नच उरला नाही. या स्पर्धेच्या इतिहासातले हे पान आम्हांला सर्वांत अधिक आवडते.

स्त्रियांचे गट या स्पर्धेत 1998 पासून आले. ज्या घराण्यात मुलींना या विद्येपासून पिढ्यान्‌पिढ्या दूरच ठेवले गेले, त्याच घराण्यातली कायरा ग्रेसी जगज्जेती झाली. आणि पुढे बिआत्रीस मेस्किता हिने दहा जागतिक पदे मिळवून रोजरच्या संख्येशी बरोबरी केली. सर्वांत हलक्या वजनाच्या ब्रूनो मालफासिनेचीही दहाच. दहा हा आकडा बराच काळ या खेळाचे आभाळ होता.

ते आभाळ फाडले मार्कुस आल्मेइदा याने. त्याचे टोपणनाव ‘बुशेशा’, म्हणजे गालफड्या. अगडबंब देह आणि हलक्या वजनाच्या पोराची चपळाई. 2017 च्या जूनमध्ये त्याची दहा पदे झाली, आणि लगेच पुढच्या महिन्यात रिओमध्ये, या स्पर्धेबाहेर, त्याची रोजरशी एक स्वतंत्र लढत ठरली. दहा विरुद्ध दहा. रोजरचे वय पस्तीस, आणि स्पर्धा सोडून त्याला बरीच वर्षे झालेली. रोजरने पाठीवर पकड घेतली आणि गळा आवळून बुशेशाला हार मानायला लावली. त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. बुशेशाची पदे पुढे 2019 पर्यंत तेरा झाली आणि तो विक्रम नोंदींत आहे. ती लढत मात्र जागतिक पदांच्या कोष्टकात कोठेच नाही.

कोष्टकात न बसणारी आणखी एक गोष्ट. या खेळात एक जुनी चाल आहे : एकाच आखाड्याचे दोघे अंतिम फेरीत पोहोचले तर ते लढत नाहीत, आपसांत ठरवून एक जण पुढे होतो आणि सुवर्णपदक घेतो. आपल्याकडे याला लोकांनी नूरा म्हटले असते आणि फडात दगड आले असते. आम्हांलाही ही चाल पसंत नाही. पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाने लढत पाहू नये हे कोणते बंधुत्व? परंतु 2018 साली जे घडले त्याला ही टीका लागू करवत नाही. खुल्या गटाच्या अंतिम फेरीत बुशेशा आणि लेआंद्रो लो हे दोन मित्र आले. आखाडे निराळे. लो हा मूळचा हलक्या वजनाचा. वर्षानुवर्षे एकेक गट वर चढत त्याने चार निरनिराळ्या वजनगटांत जागतिक पदे मिळविली होती. खुला गट हे त्याचे स्वप्न राहिले होते, आणि त्याच दिवशी त्याचा खांदा निखळलेला. बुशेशाने लढण्यास नकार दिला आणि सुवर्णपदक त्याला देऊन टाकले. स्वतःच्या संख्येतले एक पद त्याने असे कमी करून घेतले. लो 2022 च्या ऑगस्टमध्ये साव पावलो शहरात एका कार्यक्रमात गोळी लागून मरण पावला; वय तेहतीस. त्याच्या आठ जागतिक पदांत ते एक न लढता मिळालेले पद आहे, आणि ते त्याच्या नावापुढून काढावे असे कोणी म्हणाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

जाकारे पुढे मिश्र युद्धकलांच्या व्यावसायिक लढतींत गेला आणि तेथेही नावारूपाला आला. 2021 च्या मे महिन्यात अमेरिकेत ह्यूस्टन येथे त्याची गाठ आंद्रे मुनिझ या आपल्याच देशाच्या जुजुत्सूपटूशी पडली. जाकारेचे वय तेव्हा एकेचाळीस. पहिल्याच फेरीत मुनिझने त्याचा हात पकडून कोपर उलटे ताणले आणि दंडाचे हाड मोडले. सतरा वर्षांपूर्वीप्रमाणेच जाकारेने थोपटले नाही. या वेळी पंच जवळ होता. त्याने दोघांना वेगळे केले, आणि निकालपत्रावर जाकारेची हार लिहिली गेली.